दुकानाच्या यशाचे माप कोणाच्या हातात?

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पानांवर किराणा दुकानांच्या हिशेबाची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. उत्तर साधे आहे. आपल्या पिढीतला पॉइंट्समन, गँगमन, पोस्टमन कायम नोकरीत लागला आणि पेन्शन घेऊन घरी बसला. त्याच्या मुलांपैकी किती जणांना तशी नोकरी मिळाली? ती मुलेमुली आज मोठ्या साखळी दुकानांत बिले करतात, फळ्या भरतात, पहाटे टेम्पोतून माल उतरवून घेतात. क्वार्टर्सच्या कोणत्याही चाळीत विचारा, चार घरांमागे एक तरी असे घर सापडेल.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ज्या मापांनी ही दुकाने जोखली जातात, तीच मापे नावे बदलून आपल्या काउंटरवर आली आहेत. टपाल खात्यात २००८ साली ‘प्रोजेक्ट ॲरो’ सुरू झाला. कार्यालयांना नवा रंग, नवी टेबले मिळाली आणि त्याबरोबर टपाल वाटप, पैसे पाठवणे, बचत बँक यांच्या कामगिरीचे रोज भरायचे आकडेही आले. त्यामुळे दुकानाचे माप कसे घेतले जाते, त्यात काय धरतात आणि काय सोडतात, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

आधी मापे पाहू. त्यांची इंग्रजी नावे भारदस्त असली तरी आत चौथीचे गणित आहे. समजा, एका वसाहतीत ४,००० चौरस फुटांचे दुकान आहे. दिवसाला ६०० माणसे दारातून आत येतात, ३०० बिले होतात आणि बिलाची सरासरी ४०० रुपये पडते. रोजचा गल्ला १ लाख २० हजार, ३० दिवसांचा ३६ लाख. चौरस फुटामागे महिन्याला ९०० रुपये विक्री. आलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी खरेदी केली, म्हणून ‘रूपांतर’ ५० टक्के. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ३० लाख आणि फळ्यांवर व गोदामात मिळून सरासरी तेवढाच माल पडून असेल, तर माल महिन्यातून एकदा, वर्षातून १२ वेळा फिरला. दुकानात १२ माणसे कामाला, म्हणून माणशी विक्री ३ लाख. प्रत्येकाला १२ हजार पगार धरला तर मजुरी १ लाख ४४ हजार, विक्रीच्या रुपयामागे ४ पैसे.

हे सगळे मोजण्यात गैर काही नाही. आमच्या मते ज्या दुकानदाराला हे आकडे ठाऊक नाहीत, तो दुकान चालवत नसून दुकान त्याला चालवत असते. प्रश्न पुढे सुरू होतो.

वरच्या कार्यालयातून फर्मान येते की माणशी विक्री वाढवा. मॅनेजर काय करतो? विक्री वाढवणे त्याच्या हातात फारसे नसते, माणसे कमी करणे असते. १२ ची ९ केली. त्या दिवसापासून, एका रुपयाचा जादा माल न विकता, माणशी विक्री ३ लाखांवरून ४ लाखांवर गेली. अहवालात ३३ टक्के वाढ! महिन्याला ३६ हजार मजुरीही वाचली. आता बिलाच्या रांगेत जा. तीन काउंटरपैकी एक बंद, फळीवर डाळ संपलेली आणि ती आणून ठेवायला माणूस नाही. रोज फक्त २० गिऱ्हाइके कंटाळून टोपली तिथेच ठेवून गेली असे धरा. महिन्याला २ लाख ४० हजारांची विक्री बुडाली आणि तिच्यातले ४० हजारांचे ढोबळ उत्पन्न गेले. वाचवले ३६ हजार, घालवले ४० हजार. तरीही माणशी विक्री पूर्वीच्या ३ लाखांऐवजी ३ लाख ७३ हजार दिसते, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्क्यांनी सुधारलेली. दुकान तोट्याकडे सरकते आहे आणि त्याचे प्रगतिपुस्तक चमकते आहे. वर ‘रूपांतर’ ५० टक्क्यांवरून खाली आले, म्हणून मेमो कोणाला? उरलेल्या नऊ जणांना. तुमचे गिऱ्हाइकाशी बोलणे बरोबर नाही म्हणून!

हे कागदावरचे दुकान झाले. आता खऱ्या वस्तीत जाऊ. लखनौला गोमतीपलीकडे, कुर्सी रोडच्या बाजूला विकास नगर आहे. टपाल खात्यातील मित्र ती २२६०२२ या पिनवरून ओळखतील. लखनौत रेल्वेची दोन मंडळे, एक उत्तर रेल्वेचे आणि एक पूर्वोत्तर रेल्वेचे. त्यामुळे मराठी रेल्वेवाले तिथे कोणत्या ना कोणत्या बदलीवर गेलेले असतातच. मूळचे खानदेशातले आमचे एक सहकारी निवृत्तीनंतर विकास नगरातच राहिले. त्यांच्या शेजारची मुलगी एका मोठ्या साखळीच्या दुकानात बिलिंगला आहे. साखळीचे नाव इथे सांगत नाही. सगळ्यांची तऱ्हा सारखीच.

त्या दुकानात मागच्या बाजूला, जिथे मुले डबा खातात तिथे, एक पांढरा फळा आहे. त्यावर रोज सकाळी पाच आकडे लिहिले जातात: कालची विक्री, आजचे लक्ष्य, बिले, बिलाची सरासरी, घट. सहावा रकाना ‘आदर्श शाखे’चा असतो. ही आदर्श शाखा शहराच्या दुसऱ्या, सधन भागात आहे, जिथे लोक मोटारीने येतात आणि महिन्याच्या २५ तारखेलाही गाडी भरून नेतात. विकास नगरात नोकरदार, पेन्शनर, शिकवण्यांची मुले आणि छोटे धंदेवाले राहतात. त्या मुलीने आमच्या मित्राला एकदा विचारले, “अंकलजी, दस तारीख के बाद यहाँ थैला कौन भरता है?” पगार हातात येतो तेव्हा विक्री होते, पुढचे वीस दिवस लोक पाव किलोने घेतात. कोपऱ्यावरचा वाणी उधारी लिहून ठेवतो, साखळी दुकानात ती सोय नाही. या सगळ्याचा त्या फळ्यावर एक ठिपकासुद्धा नाही. शाखा ‘मागे’ आहे एवढेच तिथे दिसते.

दारावर माणसे मोजणारे यंत्र आहे. आई, वडील, दोन मुले असे चौघे आले तर यंत्र चार मोजते. बिल एकच होणार, म्हणजे रूपांतर २५ टक्के. मे-जूनच्या उन्हात लोक घटकाभर गारव्यालाही आत येतात, त्यांचीही नोंद होते. गुदामाचा पोऱ्या दारातून चार वेळा आतबाहेर झाला तर तोही चार वेळा गिऱ्हाईक ठरतो. आणि मग जिल्ह्याचा साहेब विचारतो की इतकी माणसे येतात, तर घेत का नाहीत?

याच लखनौत ऑगस्ट २००७ मध्ये भाजीविक्रेते आणि छोटे दुकानदार रस्त्यावर उतरले होते. त्या वेळच्या राज्य सरकारने कायदा-सुव्यवस्थेचे कारण देऊन लखनौ आणि वाराणसीतील रिलायन्स फ्रेशची दुकाने बंद करायला लावली. त्या वादात दुकानात काम करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. बाहेरचा विक्रेता आणि आतला कामगार एकाच वस्तीतले, पण एकमेकांसमोर उभे केले गेले. पुढे बंदी विसरली गेली, शहरात मॉल आले, आणि आतल्या कामगाराची संघटना बहुतेक ठिकाणी अजूनही नाही.

फळ्यावरचे सर्वांत अन्यायाचे माप म्हणजे ‘मागच्या वर्षी याच महिन्यात’. ऐकायला किती रास्त! पण पंचांग उघडा. २०२३ साली दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. २०२४ साली ती ऑक्टोबर संपता संपता आली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आटोपली. म्हणजे २०२३ ची सारी दिवाळीची खरेदी नोव्हेंबरात धरली गेली आणि २०२४ ची ऑक्टोबरात. नोव्हेंबर २०२४ ची तुलना नोव्हेंबर २०२३ शी केली तर कोणतेही दुकान आपटलेलेच दिसणार. २०२५ ला दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास आली. २०२६ ला अधिक महिना असल्यामुळे ती ८ नोव्हेंबरला पडते. चतुर्थी, नवरात्र, ईद सगळ्यांचे असेच आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याला हे सांगावे लागत नाही, त्याच्या वहीत मित्या असतात. लाखो रुपयांच्या संगणकाला मात्र अधिक महिना कळत नाही, आणि त्या न कळण्यापायी विकास नगरच्या मुलीचा नोव्हेंबरचा इन्सेंटिव्ह जातो. तक्रार केली तर उत्तर तयार: ‘सिस्टीममध्ये असेच आहे.’

रेल्वेतील वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. गाडी वेळेवर पोहोचते की नाही हे शेवटच्या स्टेशनवर मोजायचे, म्हणून वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला मोकळा वेळ टाकून ठेवलेला असतो. उलट दिशेने जाताना जे अंतर गाडी पंधरा मिनिटांत कापते, तेच येताना वेळापत्रकात अर्ध्या तासाचे होते. मधल्या स्टेशनवर प्रवासी तासभर ताटकळला तरी कागदावर गाडी वेळेवर! हे गार्डला ठाऊक, ड्रायव्हरला ठाऊक, कंट्रोललाही ठाऊक.

मोठ्या आकड्यांचेही तसेच. १०० रुपये मिळवायला रेल्वे किती खर्च करते, हे ‘ऑपरेटिंग रेशो’ सांगतो. २०१७-१८ साली तो ९८.४४ दाखवला गेला. महालेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात म्हटले की एनटीपीसी आणि इरकॉन यांच्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम वगळली तर तो १०२.६६ झाला असता. म्हणजे शंभर मिळवायला शंभराहून अधिक खर्च. पुढच्या वर्षांच्या भाड्याची उचल या वर्षाच्या मिळकतीत धरली की माप सुधारते. हे साखळी दुकानातल्या मॅनेजरने केले तर त्याला घरी पाठवतात.

आणि बोनसचे काय? ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या ऐतिहासिक संपाच्या मागण्यांत बोनस होता. तो संप चिरडला गेला, हजारो तुरुंगात गेले. पण १९७९-८० पासून उत्पादकतेशी निगडित बोनस मान्य करावाच लागला. आपण तो मिळवला याचा अभिमान आहेच. पण त्याचे माप पाहा. रेल्वेला ७८ दिवसांचा बोनस जाहीर होतो, वर्तमानपत्रे मोठे मथळे देतात. हिशेब मात्र महिना ७,००० रुपये पगाराची मर्यादा धरून होतो. त्यामुळे कितीही टन माल वाहिला तरी हातात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये येतात. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून किमान मूळ पगारच १८,००० ठरवला. म्हणजे ज्या पगारावर बोनस मोजतात तो पगार रेल्वेत आज कोणालाच नाही! उत्पादकता खरी, दिवस खरे, पण गुणाकारातला एक आकडा गोठवून ठेवलेला. विकास नगरच्या फळ्यापुढे उभे राहिलेल्या मुलीला हे आपण समजावून सांगू शकतो, कारण आपण ते भोगतो.

कामगार चळवळीला ही लढाई जुनीच आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली एका विणकऱ्याला दोनऐवजी तीन माग देण्याचा घाट घातला गेला. सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते आणि त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्यांचा युक्तिवाद काय होता? माग जास्त द्यायला हरकत नाही असे म्हणणारे त्यांच्यातही होते, पण सुताचा दर्जा कसा, माग किती जुने, धागा किती तुटतो आणि वाढलेल्या कापडातले आमच्या वाट्याला किती, हे आधी सांगा. दुकानातल्या कामगाराने आज नेमके हेच विचारायचे आहे. दैवाचा खेळ असा की लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात पुढे मॉल झाला. जिथे मागामागे वार कापड मोजले जाई, तिथे चौरस फुटामागे विक्री मोजली जाऊ लागली. तिथे बिग बझारही होता. त्याची मालक असलेली फ्यूचर रिटेल कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

मापच चुकीचे निवडले तर काय होते, याचे उदाहरण म्हणून ‘सुभिक्षा’कडे पाहावे. १९९७ साली चेन्नईत सुरू झालेल्या या साखळीने यशाचा मापदंड धरला तो दुकानांच्या संख्येचा. २००८ पर्यंत ती देशभरात सुमारे १,६०० दुकानांवर पोहोचली. एकेक दुकान स्वतःच्या पायावर उभे आहे का, पुरवठादाराचे पैसे वेळेवर जातात का, हे मागे पडले. रोकड आटली आणि २००९ च्या सुरुवातीला कुलपे लागली. पगार थकले ते फळ्या भरणाऱ्या मुलांचे.

याउलट, ज्याला आज सारे यशस्वी म्हणतात त्या डीमार्टची कथा आपल्या लोकांनी जरूर समजून घ्यावी, कारण तिचा एक धागा कामगार चळवळीतूनच जातो. १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत कार्यकर्त्यांनी सहकारी तत्त्वावर ग्राहक भांडार काढले, ते ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईभर गाजले. रेशनच्या टंचाईच्या दिवसांत कामगाराला चोख वजन आणि रास्त भाव मिळावा हा हेतू होता. राधाकिशन दमाणी यांनी १९९९ मध्ये नेरुळला याच अपना बाजारची एक शाखा चालवायला घेतली होती. तिथला व्यवहार त्यांना पटला नाही. २००२ साली पवईला त्यांनी स्वतःचे पहिले डीमार्ट काढले आणि २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अपना बाजारची पूर्वीची भरभराट मात्र राहिली नाही.

असे का झाले? भांडवल हे एक कारण आहेच, ते नाकारण्याचे कारण नाही. पण एवढे म्हणून थांबणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सहकारी भांडारांत कोणता माल सहा महिने धूळ खात पडला आहे आणि कोणता दर आठवड्याला संपतो, हे रोज पाहण्याची शिस्त अनेक ठिकाणी सुटली. ‘आपलेच दुकान आहे’ या भावनेने तोटा झाकला गेला. संचालकांची निवडणूक चुरशीची आणि साठ्याची मोजणी वर्षातून एकदा, तीही मार्चच्या शेवटी घाईघाईने. डीमार्टवाले नेमके तेच मोजत राहिले. माल लवकर फिरवायचा, पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे, त्यामुळे भाव पाडून घ्यायचा, बहुतेक जागा स्वतःच्या ठेवायच्या. यातले एकही तत्त्व सहकाराच्या विरोधात नाही. १८४४ साली रॉचडेलच्या २८ जणांनी दुकान काढले, तेही रोखीने, चोख मापाने आणि हिशेबाची वही सभासदांपुढे उघडी ठेवून. खरेदीच्या प्रमाणात वाढावा परत देण्याची त्यांची पद्धत हेही एक मापच होते. दुकान कोणासाठी चालते आहे, हे त्यात मोजले जाई. (मुंबई ग्राहक पंचायतीने तर १९७५ पासून दुकानाशिवायच घाऊक खरेदी करून सभासदांच्या गटांत वाटप केले. चौरस फुटामागे विक्री विचारणाऱ्याला तिथे चौरस फूटच सापडणार नाही.)

डीमार्टच्याच आकड्यांकडे आणखी एकदा पाहू. चौरस फुटामागची त्यांची वार्षिक विक्री २०१८-१९ मध्ये सुमारे ३५,६०० रुपये होती, २०२०-२१ मध्ये ती सुमारे २७,३०० वर घसरली आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ३२,९०० वर आली. मधल्या काळात बिलावर बसणारी माणसे आळशी झाली होती का? टाळेबंदी होती, कपड्यांची आणि घरगुती वस्तूंची विक्री अडली होती, नवी दुकाने आकाराने मोठी निघत होती. जागा मोठी झाली की भागाकारातला खालचा आकडा वाढतो, चौथीतल्या मुलालाही हे कळते. शेअरधारकांच्या सभेत कोणत्याही कंपनीचे व्यवस्थापन अशी कारणे सविस्तर सांगते आणि ती पटतातही. मग तीच कारणे शाखेतल्या कामगाराने सांगितली तर त्यांना ‘सबबी’ का म्हणायचे? आमचा सगळा आक्षेप या एका प्रश्नात येतो. आकडा खाली गेला की मालकाला कारणे मिळतात आणि कामगाराला मेमो.

घटीचे उदाहरण घ्या. मोजणीत माल कमी भरला की चोरी, उंदीर, फुटलेली बाटली, मुदत संपलेले पाकीट, पुरवठादाराने कमी उतरवलेला माल आणि बिलातली चूक, हे सगळे एकाच शीर्षाखाली येते. काही दुकानांत ती रक्कम सरळ कामगारांत वाटून कापली जाते. हे चालणार नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातच असे होते की, स्पष्टपणे ताब्यात दिलेला माल कामगाराच्या हयगयीमुळे गहाळ झाला तरच, आणि त्याला म्हणणे मांडण्याची संधी देऊनच पगारातून कपात करता येते. आता त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे, पण ते तत्त्व तिच्यातही आहे. दिवसभर शेकडो लोक ज्या फळीला हात लावतात, तो माल एका मुलीच्या ‘ताब्यात’ कसा? आपल्या शाखांनी आपल्या मुलांना निदान एवढे लिहून द्यावे आणि वेळ आली तर कामगार आयुक्तांकडे अर्ज करायला सोबत जावे.

आणखी काही गोष्टी त्या पांढऱ्या फळ्यावर कधीच चढत नाहीत. बारा तासांत बसायला किती मिनिटे मिळाली? वर्षात किती जण सोडून गेले? नव्याला शिकवण्यात जुन्याचे किती तास गेले? केरळात साड्यांच्या आणि इतर दुकानांतील स्त्रिया उभ्या उभ्या पाय सुजवून घेत होत्या. कोझिकोडच्या विजी पेनकूट यांनी त्यांना संघटित केले. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून बसण्याचा हक्क दिला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसेच केले. स्टुलावर बसल्याने विक्री घटली, असे तिथल्या कोणत्या मालकाने आजवर दाखवून दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

महाराष्ट्रात वारा उलट दिशेने आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांतील रोजच्या कामाचे तास ९ वरून १० करायला आणि २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर न्यायला मान्यता दिली. आपले वरचे १२ माणसांचे दुकान आठवा. त्या मर्यादेने ते कायद्याच्या मुख्य तरतुदींच्या बाहेर जाते. तास वाढले की ‘माणशी विक्री’ आपोआप सुधारणार, कारण भागाकार माणसांनी होतो, तासांनी होत नाही. म्हणून दुकान कामगारांच्या संघटनांनी पहिली मागणी हीच करावी की विक्रीला भागायचे असेल तर कामाच्या तासांनी भागा. मग एक माणूस दहा तास राबवून आकडा फुगवता येणार नाही. दुसरी, तुलना करायची तर सणाची सणाशी करा आणि विकास नगरची तुलना तशाच वस्तीतल्या दुकानाशी करा. ज्या सूत्राने इन्सेंटिव्ह ठरतो ते सूत्र भिंतीवर लावा, नुसते उत्तर लावू नका. आणि लक्ष्य गाठले म्हणून पुढच्या महिन्यात ते वाढवायचे असेल, तर आधी कामगारांच्या प्रतिनिधीशी बोलणे झाले पाहिजे. नाहीतर हुशार कामगार लक्ष्याच्या किंचित अलीकडे थांबायला शिकतो. पीस रेटवर काम केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि त्यात त्याचा दोष नाही.

हे सांगताना आपल्या अंगणाकडेही पाहावे लागेल. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पतसंस्था आहेत, काही ठिकाणी ग्राहक भांडारेही उरली आहेत. तिथे नोकरीला असलेली माणसे आपलीच कामगार आहेत आणि मालक आपण आहोत. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी अहवाल नुसता हात वर करून मंजूर करू नये. भांडारातला माल वर्षात किती वेळा फिरला, मुदत संपल्यामुळे किती रुपयांचा टाकून दिला, आणि जागा नाममात्र भाड्याची असेल तर बाजारभावाने भाडे धरल्यावर काही उरते का, हे विचारावे. बाजारातल्या त्याच वस्तूचा भाव आणि आपला भाव शेजारी शेजारी छापायला सांगावे. विक्रेत्याला किमान वेतन मिळते का, त्याला बसायला स्टूल आहे का, हे त्याच्यासमोर विचारावे. अहवालात पगाराच्या रकान्यात एकच एकत्रित रक्कम दिली असेल, तर ती फोडून मागावी: किती माणसे, किती तास, कोणत्या दराने.